सिस्टर कुठे गेल्या? रुग्णालयातल्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी स्टाफ नर्स होते, मग इन्चार्ज, मग मेट्रन. आता तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांतल्या २० ते १०० बेडच्या हॉस्पिटलांना वॉर्ड आणि ड्युट्या नीट लावून देते. डॉक्टर-मालक, ॲडमिन आणि इन्चार्ज सिस्टर तेच ते प्रश्न पाठवत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. प्रश्न आले तसेच ठेवलेत, रागासकट. एक विषय दोनदा येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उत्पादकता वाढवायची म्हणजे स्टाफकडून जास्त काम काढून घ्यायचं, असंच ना?

बहुतेक ठिकाणी असं समजूनच सुरुवात होते आणि दोन महिन्यांत दोन सिस्टर राजीनामा देतात.

एकदा सकाळच्या ड्युटीत एका सिस्टरच्या मागे वही घेऊन फिरा. बीपीचं मशीन कुठल्या रूममध्ये राहिलं ते शोधणं. न आलेल्या एका इंजेक्शनसाठी फार्मसीत दोन खेपा. रिपोर्टसाठी लॅबला चार फोन. एकच तापमान टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता), नोट्समध्ये आणि रजिस्टरमध्ये असं तीनदा लिहिणं. वर दर पाच मिनिटांनी ‘डॉक्टर कधी येणार?’ला उत्तर देणं. ड्युटी संपेपर्यंत तिचे पाय सुजतात, पण यातलं काहीच पेशंटच्या अंगी लागत नाही. माझ्या लेखी उत्पादकता म्हणजे आपण पगार देतो त्या तासांपैकी किती तास पेशंटच्या कामी आले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने (एनएचएस) २००७-०८च्या सुमारास वॉर्डांसाठी जो ‘प्रॉडक्टिव्ह वॉर्ड’ कार्यक्रम काढला, त्याच्या नावातच ‘शुश्रूषेसाठी वेळ मोकळा करणं’ होतं. सिस्टरांना पळवायचं असं त्यात कुठेच नव्हतं.

२. मोजायचं काय आणि कसं? आमच्याकडे मोजमाप करणारं कोणी नाही.

एक वही, एक घड्याळ आणि दुसऱ्या वॉर्डातली एक समजूतदार सिस्टर एवढं पुरतं. तीन दिवस, रोज वेगळी शिफ्ट. दर १० मिनिटांनी वॉर्डातला प्रत्येक माणूस त्या क्षणी काय करतोय त्याची एक रेघ ओढायची: पेशंटजवळ, लिखापढी, शोधाशोध आणि ये-जा, फोन आणि निरोप, वाट पाहणं. कागदावर नावं लिहायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. नाव लिहिलंत की तीन दिवस सगळेच पेशंटजवळ सापडतील.

त्यानंतर महिन्याला चार आकडे पुरे. डिस्चार्ज सांगितल्यापासून बेड रिकामा व्हायला लागलेला वेळ, ओटीतली (ऑपरेशन थिएटर) पहिली केस सुरू झाल्याची वेळ, महिन्यातल्या डबल ड्युट्या, आणि औषधाच्या चुका व पेशंट पडण्याच्या घटना. पहिले तीन सुधारले आणि चौथा बिघडला, तर सुधारणा झालेली नाही. चौथा आकडा एकदम शून्यावर आला तर मला जास्त काळजी वाटते, कारण बहुधा लोकांनी सांगणं बंद केलेलं असतं.

३. ३० बेडच्या वॉर्डाला नक्की किती सिस्टर हव्यात? आमचे सीए म्हणतात तुमच्याकडे जास्त आहेत.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ५ पेशंटमागे १ नर्स, टीचिंग हॉस्पिटलात ३ मागे १, आणि रजांसाठी ३० टक्के जादा. गोंधळ होतो तो या रजांच्या हिशेबात. तो सीएंना कागदावरच दाखवा.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्या, ८ सणांच्या, ८ किरकोळ रजा, १५ हक्काच्या रजा आणि आजारपणाचे समजा ५ दिवस काढले की एका माणसाचे कामाचे दिवस उरतात २७७. म्हणजे वर्षभर रोज एक ड्युटी भरायची तर १.३२ माणसं लागतात. तीन शिफ्टची एक जागा २४ तास भरलेली हवी असेल तर जवळजवळ ४ माणसं. तीन नव्हे.

आता तुमचा वॉर्ड. सरासरी २४ पेशंट, सकाळी ५, दुपारी ४, रात्री ३ सिस्टर. दिवसाच्या १२ ड्युट्या. १२ गुणिले १.३२ म्हणजे १६ सिस्टर. पण नेमल्या जातात १२, कारण ‘रोज बाराच लागतात ना?’ मग वर्षाला १,०५६ ड्युट्या कमी पडतात, महिन्याला ८८. त्या ८८ ड्युट्या कोणाच्या तरी सुट्या मोडून किंवा डबल करूनच भरतात. हा हिशेब मी फळ्यावर मांडला की मालक आधी कॅल्क्युलेटर काढतात आणि मग गप्प होतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांच्या अभ्यासात (२००२) असं दिसलं होतं की नर्सवरचा प्रत्येक जादा पेशंट, शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढवतो. माणसं कमी करून दिसणारी ‘उत्पादकता’ कुठून वसूल होते ते यावरून कळतं.

४. हिशेब पटला. पण सिस्टर मिळतच नाहीत, तर काय करायचं?

मग आहेत त्या सिस्टरांच्या अंगावरची बिननर्सिंगची कामं उतरवा. सँपल लॅबला नेणं, इंडेंटची (वॉर्डाने लिहून मागवलेली) औषधं आणणं, एक्स-रे फिल्म शोधणं, फाईल बिलिंगला पोचवणं. या सगळ्याला एक मामा (वॉर्डबॉय) आणि एक ट्रॉली, ठरलेल्या वेळी, पोस्टमनसारखी फेरी. सकाळी साडेसात, साडेदहा, दीड, पाच. फेरीची वेळ पक्की असली की ‘आत्ताच्या आत्ता’ची हाक कमी होते. फोन आणि फाईलसाठी दिवसपाळीला एक वॉर्ड क्लार्क. त्याचा पगार एका स्टाफ नर्सपेक्षा कमी असतो आणि तो दीड सिस्टरचं लिखापढीचं ओझं सहज उचलतो.

दोन सिस्टर अशा तयार करा की ज्यांना तिन्ही वॉर्ड ठाऊक आहेत. ड्युटी लिस्टमध्ये त्यांना कुठल्याच वॉर्डात बांधू नका. सकाळी आठला जिथे गर्दी, तिथे त्या.

एक रेषा मात्र ओलांडू नका. इंजेक्शन, आयव्ही, औषध देणं हे नोंदणी असलेल्या नर्सचंच काम आहे. ‘आमच्या मावशींना (आयांना) वीस वर्षांचा अनुभव आहे’ हे मी अनेकदा ऐकलंय. मावशींच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण काही झालं तर मावशी आणि तुम्ही दोघंही उघड्यावर पडता.

५. १२ तासांच्या दोन ड्युट्या करू का? स्टाफलाच त्या हव्या आहेत.

हव्या असतात हे खरं. गावाकडून एसटीने येणारीला रोज ये-जा करण्यापेक्षा चार लांब दिवस परवडतात. हँडओव्हरही (एका शिफ्टने पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं) दिवसाला तीनऐवजी दोनच होतात. आठवड्याला ४८ तास धरले तर १२ तासांच्या चारच ड्युट्या बसतात आणि तीन दिवस सुट्टी मिळायला हवी. मी पाहिलेल्या ठिकाणी मात्र १२ तासांच्या सहा होत होत्या, म्हणजे ७२ तास. मग तो सोयीचा प्रकार राहत नाही.

चार ड्युट्यांची शिस्त पाळता येणार असेल, सलग तीनपेक्षा जास्त लागणार नसतील आणि मध्ये खरोखर बसून जेवायला अर्धा तास मिळणार असेल, तर करून बघा. आयसीयूत नको. बोस्टनच्या एका हॉस्पिटलात आयसीयूतल्या शिकाऊ डॉक्टरांवरचा २००४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. २४ तासांहून लांब चालणाऱ्या जुन्या ड्युट्यांत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. आपल्या १२ तासांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, पण ‘डबल ड्युटी’ म्हणजे १६ तास, हे विसरू नका.

६. ओव्हर द्यायला-घ्यायला पाऊण तास जातो. त्या वेळात वॉर्डात कोणीच नसतं.

ओव्हर, म्हणजे हँडओव्हर, नर्सिंग स्टेशनवर बसून चालतं म्हणून ते लांबतं. तिथे चहा येतो, कालच्या भांडणाचा विषय निघतो. ओव्हर बेडजवळ उभं राहून द्या. पेशंट कोण, का ॲडमिट, आज काय बदललं, पुढच्या आठ तासांत काय व्हायचंय, कशावर डोळा ठेवायचा. एवढंच, याच क्रमाने. सलाईन, कॅथेटर, ड्रेन दोघींनी मिळून डोळ्यांनी बघायचं. एचआयव्ही, मानसिक आजार किंवा घरच्यांपासून लपवलेलं निदान असलं काही पेशंटसमोर बोलायचं नाही, ते बाहेर.

ओव्हर छोटं करायचं म्हणजे कमी सांगायचं असा अर्थ काढू नका. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांमध्ये निवासी डॉक्टरांच्या हँडओव्हरला ठरावीक साचा दिला, तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या (२०१४). जाणारी आणि येणारी शिफ्ट १५ मिनिटं एकमेकींवर येईल अशी वेळ लावा आणि त्या १५ मिनिटांचा पगार द्या. फुकटात मागितलेली १५ मिनिटं कोणी मनापासून देत नाही.

७. सकाळी दहाला डिस्चार्ज सांगतो, पेशंट चारला जातो. नवीन पेशंट कॅज्युअल्टीत ताटकळतो. दोष कोणाचा?

सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गंमत म्हणजे सगळेच खरं बोलत असतात. मी एकदा एका फाईलच्या मागे मागे फिरले. दहाला सर ‘जाऊ द्या’ म्हणाले. आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) ओपीडीत अडकलेले, डिस्चार्ज कार्ड लिहायला साडेअकरा. उरलेली औषधं परत करायला मावशी फार्मसीत गेल्या, तिथे ओपीडीच्या गिऱ्हाइकांची रांग. बिलिंगने विचारलं ऑक्सिजन किती तास? चार्टवर लावल्याची वेळ होती, काढल्याची नव्हती. मग लॅबचं एक बिल राहिलेलं. मग नातेवाईक म्हणाले, ‘काहीतरी कमी करा.’ कमी करायचं ते सरच ठरवणार, आणि सर ओटीत. दोन वाजले. पैसे आणायला मुलगा गावाला गेला. चार.

यात कोणीही कामचुकार नव्हतं. कामं एकापाठोपाठ एक लागली होती आणि सगळी दहा वाजताच सुरू झाली होती. ती आदल्या दिवशी ढकला. संध्याकाळच्या राउंडला ‘उद्याचे संभाव्य डिस्चार्ज’ फळ्यावर लिहा. रात्रीचे आरएमओ कार्डाचा मसुदा करून ठेवतील, सकाळी फक्त दोन ओळी भरायच्या. सकाळचे डोस ठेवून बाकी औषधं रात्री आठलाच परत. बिलाचा आजवरचा आकडा नातेवाइकांना रोज संध्याकाळी दाखवा. शेवटच्या दिवशी आकडा पाहून बसणारा धक्का आणि त्यातून होणारा वाद निम्म्यावर येतो. आणि ठरावीक रकमेपर्यंत सूट देण्याचा अधिकार ॲडमिनला देऊन टाका. या एका गोष्टीला डॉक्टर-मालक सगळ्यात जास्त अडून बसतात, आणि वेळ सगळ्यात जास्त हीच वाचवते.

मॅटर्निटी असेल तर अजून एक. काही घरं अमावास्येला किंवा ठरावीक वाराला बाळ-बाळंतिणीला नेत नाहीत. काउंटरमागे कालनिर्णय टांगलेलं असतंच. दोन दिवस आधी विचारून घ्या, ऐनवेळी बेड अडकत नाही.

८. कॅशलेसमध्ये तर विमा कंपनीच उशीर करते. तिथे आम्ही काय करणार?

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. त्यापुढच्या उशिरामुळे बिल वाढलं तर तो भार विमा कंपनीवर. त्यामुळे विनंती पाठवल्याची वेळ लिहून ठेवा. पण प्रामाणिकपणे बघा, बऱ्याचदा क्वेरी येते ती आपलाच कागद अर्धा गेल्यामुळे: इम्प्लांटचं स्टिकर नाही, इनडोअर पेपर्स नाहीत, रिपोर्ट नाही. टीपीए डेस्कवरच्या (विम्याचे कागद पाहणाऱ्या) माणसाला आदल्या संध्याकाळची यादी (प्रश्न ७) मिळाली की हे आधीच जमतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या पेशंटसाठीही तीच यादी आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात त्या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या) हातात द्या.

९. ओटीत आठची केस सव्वानऊला लागते. दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं.

पहिल्या केसच्या उशिराची कारणं महिनाभर लिहा. माझ्या अनुभवात तीच पाच फिरून फिरून येतात. पेशंटने सकाळी चहा-बिस्किट खाल्लं, संमतिपत्रावर सही नाही, रक्ताची सोय नाही, हत्यारांचा सेट ऑटोक्लेव्हमधून (निर्जंतुक करण्याचं यंत्र) निघाला नाही, आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलात आहेत. पहिली चार आदल्या संध्याकाळी ओटी सिस्टरने वॉर्डात एक चक्कर मारली तर सुटतात. पाचवं तुमच्या हातात नाही. तालुक्याच्या गावात एक भूलतज्ज्ञ तीन ठिकाणी धावतो. त्यांच्याशी बसून आठवड्याचे दोन दिवस तुमचे पक्के करा आणि ठरलेल्या केसेस त्याच दिवशी घ्या. रोज थोड्या थोड्या लावण्यापेक्षा हे बरं.

आणि ‘आठची केस’ म्हणजे काय ते ठरवा. पेशंट आत येणं, भूल देणं की कापायला सुरुवात? तिघांच्या मनात तीन वेळा असतात.

१०. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारखं आम्हाला का जमू नये?

डॉ. जी. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं हे रुग्णालय या विषयात सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि ते रास्त आहे. तिथे सर्जनच्या बाजूला दोन टेबलं असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा पेशंट तयार. आसपासच्या गावांतल्या मुलींना दोन वर्षं प्रशिक्षण देऊन तयारीची, तपासणीची, समजावण्याची कामं त्यांच्याकडे दिली. सर्जन फक्त सर्जनचं काम करतो.

पण मोतीबिंदू हे काम त्या पद्धतीला साजेसं आहे: छोटं, स्थानिक भुलीत होणारं, एकसारखं, ठरावीक हत्यारांचं. तुमच्या जनरल सर्जरीत एक हर्निया, मग एक फुटलेलं अपेंडिक्स, मग रात्रीचं सिझेरियन. तिथे दोन टेबलांची नक्कल करू नका. घ्यायचंच असेल तर कामांची वाटणी घ्या, आणि त्यामागची दोन वर्षांची शिकवणी विसरू नका. अरविंदला भेट देऊन आलेले लोक टेबलांचे फोटो दाखवतात. त्या मुलींना काय शिकवलं ते विचारून आलेलं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

११. लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घेतलं. वह्या मात्र तशाच चालू आहेत.

कारण वही बंद करायची तारीख कोणी ठरवली नाही. वॉर्डातली सगळी रजिस्टरं टेबलावर मांडा आणि प्रत्येकासाठी विचारा, ही शेवटची कोणी आणि कशासाठी उघडली? आठवत नसेल तर ती महिनाअखेर बंद. सॉफ्टवेअरमध्ये आलेली नोंद वहीत लिहायची नाही, असं इन्चार्जच्या सहीने फळ्यावर लावा. लाईट गेल्यावर काय, याचं उत्तर म्हणून एकच कोरा फॉर्म ठेवा.

कायद्याने लागणाऱ्या नोंदींना हात लावू नका: सोनोग्राफीचा फॉर्म एफ, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेस), जन्म-मृत्यू, जैववैद्यकीय कचरा. आणि २४ पेशंटच्या वॉर्डाला एकच कॉम्प्युटर देऊन ‘सिस्टर एंट्री करत नाहीत’ म्हणू नका. त्या रांगेत उभ्या आहेत.

१२. एनएबीएच घेतल्यापासून कागदच कागद. उत्पादकता कमी झाली की काय?

झाली असेल, पण एनएबीएचमुळे, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाच्या प्रमाणपत्रामुळे, नव्हे. मानक सांगतं की वेदनेचं मूल्यमापन नोंदलेलं असावं. ते चार पानी असावं असं सांगत नाही. चार पानं येतात ती ३०० बेडच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातून उचललेल्या फॉर्मांमधून. सल्लागार फाईल देऊन जातो, भरत बसते सिस्टर. प्रत्येक फॉर्मवर ‘हे वाचून कोण काय ठरवतं?’ विचारा आणि जुळणारे एकत्र करा. छोट्या हॉस्पिटलांसाठी एन्ट्री लेव्हलचं प्रमाणपत्र आहे, तिथून सुरुवात केली तर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

१३. वॉर्डात मोबाईलबंदी आणि सीसीटीव्ही लावले. फरक का पडत नाही?

कारण ईसीजीचा फोटो सरांना व्हॉट्सॲपवर सिस्टरच स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर पाठवत होती. वॉर्डाला हॉस्पिटलचा एक फोन द्या, मग बंदी करा. कॅमेरा औषधाच्या कपाटावर आणि दारावर ठीक आहे. स्टेशनवर रोखलेला कॅमेरा लोकांना व्यस्त दिसायला शिकवतो. पंचिंग मशीन माणूस आला एवढंच सांगतं.

१४. इन्सेंटिव्ह द्यायचा तर कशावर द्यावा?

पेशंटच्या संख्येवर नको, कोणत्याही एका माणसाला नको. पूर्ण वॉर्डाला, प्रश्न २ मधल्या चारही आकड्यांवर मिळून द्या. मामा-मावशींसकट. त्यांना वगळलंत तर ट्रॉली थांबते.

हजेरी बोनसबद्दल मला बरेच जण विचारतात. शून्य रजेला बक्षीस दिलंत की ताप, खोकला असलेली सिस्टर नवजात बाळांच्या वॉर्डात ड्युटीवर येते. ज्यांनी हे केलं त्यांना मी ते बंद करायला लावलं आहे. आणि कुठल्याही इन्सेंटिव्हच्या आधी ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आणि त्याच महिन्यात द्या. तीन महिने थकलेला ओव्हरटाईम आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स, हे गणित स्टाफला चांगलं कळतं.

१५. कन्सल्टंट अकरा ते चारमध्ये कधीही राउंडला येतात. त्यांना कोण सांगणार?

सिस्टरने सांगून उपयोग नाही, आणि तिच्यावर ते ढकलूही नका. आकडे सांगतील. महिन्यात दुपारी दोननंतरच्या राउंडमुळे अडकलेले डिस्चार्ज आणि संध्याकाळी बदललेल्या ऑर्डर, दोनच रकाने करून मालकांनी स्वतः त्यांच्यापुढे ठेवायचे. बहुतेक जण वेळ देतात, कारण त्यांचाच बेड अडकलेला असतो. फोनवरची ऑर्डर सिस्टरने वाचून परत ऐकवायची आणि पुढच्या राउंडला सही घ्यायची.

मालक स्वतःच डॉक्टर असतील तर अवघड आहे. ओपीडीत फाईल धरायला वॉर्डातली सिस्टर बोलावणारे बरेचदा तेच असतात.

१६. नातेवाइकांच्या गर्दीत आणि फोनवर सिस्टरांचा अर्धा दिवस जातो.

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आरएमओनी प्रत्येक कुटुंबातल्या एकाच माणसाशी बोलायचं. बाकीच्यांना त्याच्याकडे पाठवायचं. अनिश्चितता संपली की विचारणा कमी होते. पासची पद्धत रात्रीही पाळा. अंगावर धावून येणं, तोडफोड हा महाराष्ट्राच्या २०१०च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे. तो फलक प्रवेशद्वारापाशी लावा, पण फलकाने गर्दी हटत नाही, बोलण्याने हटते.

१७. आयसीयूत दोन बेड रिकामे, सिस्टर बसून असतात. त्यांना जनरल वॉर्डात पाठवू का?

पाठवा, पण हाक मारल्यावर दोन मिनिटांत परत येतील अशाच ठिकाणी. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची नर्स कधीच हलवायची नाही, तिथे १ पेशंटमागे १ नर्स. एसटीच्या डेपोत एक राखीव गाडी उभी असते, ती बिघाड होतो त्या दिवसासाठी. रिकाम्या वेळेत इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी, औषधांच्या एक्सपायरी, सिलिंडरचा दाब, नव्या मुलींना डिफिब्रिलेटर शिकवणं. आयसीयू कायम शंभर टक्के भरलेला असणं ही फुशारकीची गोष्ट नाही. पुढचा पेशंट रस्त्यातच थांबलेला असतो.

१८. आम्ही ग्रामीण रुग्णालयात आहोत. भरती आमच्या हातात नाही. यातलं काही लागू होतं का?

माणसांचा हिशेब (प्रश्न ३) तुम्हाला फक्त वरिष्ठांना पाठवण्यापुरता. पण ओव्हर, ट्रॉलीची फेरी, इंडेंटची वेळ आणि वह्या तुमच्याच हातात आहेत. ओपीडीची गर्दी नऊ ते अकरा असते आणि केसपेपरची एकच खिडकी. त्या दोन तासांसाठी दुसरी उघडली तर डॉक्टरांसमोरची रांग सरळ होते. छोट्या खर्चासाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी बघा. २०१५ पासूनच्या कायाकल्प योजनेत स्वच्छतेच्या गुणांवर रुग्णालयाला बक्षीस मिळतं. त्या निमित्ताने स्टोअर आवरलं तरी शोधाशोध निम्मी होते.

१९. गणपतीत अर्धा स्टाफ कोकणात, तेव्हाच डेंग्यूची गर्दी. दिवाळीत उरलेला गायब.

जूनमध्येच रजा ठरवा. गणपती किंवा दिवाळी, दोन्हीपैकी एक, आणि मागच्या वर्षी कोणाला काय मिळालं ते वहीत. ईद आणि नाताळवाल्यांनाही त्याच वहीत बसवा, त्या अदलाबदलीवरच दिवाळी निभते. ड्युटी लिस्ट किमान दोन आठवडे आधी लावा. आदल्या रात्री लागणाऱ्या लिस्टमुळे ऐनवेळच्या दांड्या वाढतात.

२०. शिकवून तयार केलेल्या सिस्टर सरकारी भरतीत निघून जातात. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यावीत का?

नाही. ती त्यांची कागदपत्रं आहेत, आणि अडवलेली सिस्टर मनाने गेलेलीच असते. जाणार हे धरून चाला. नवीन मुलगी पहिला महिना एकाच अनुभवी सिस्टरबरोबर ठेवा आणि त्या सिस्टरला त्याचे पैसे द्या. गेलेल्या मुलीला दोन महिन्यांनी फोन करून खरं कारण विचारा. पगाराइतकंच होस्टेलच्या पाण्याबद्दल ऐकायला मिळतं.

२१. कुठली कामं वेगाने करायचीच नाहीत?

रक्त चढवण्याआधी दोघींनी नाव आणि पिशवी ताडून पाहणं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियमचे डोस दुसरीकडून तपासून घेणं. बाळाचा टॅग. हात धुणं. ओटीतली जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी: २००८ मध्ये आली, आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. ती घाईत टिकमार्क करण्यासाठी नाही, मोठ्याने वाचण्यासाठी आहे. आणि औषधं काढताना सिस्टरला कोणी हाक मारायची नाही, मालकांनीही.

२२. हे सगळं केलं, रोज बराच वेळ वाचायला लागला. आता प्रत्येक वॉर्डातली एक सिस्टर कमी करू का?

हा प्रश्न दर वेळी येतो, सहसा चौथ्या महिन्यात. करू नका. ज्यांनी तुम्हाला वेळ कुठे वाया जातो ते दाखवलं त्यांच्यातलीच एक घरी गेली, तर पुढच्या वेळी वही घेऊन फिरणाऱ्या सिस्टरला कोणी काही दाखवणार नाही. वाचलेले तास आधी डबल ड्युट्या संपवायला वापरा, मग रजा द्यायला. बेड वाढवायचे असतील तर त्यानंतर. कोणी स्वतःहून सोडून गेलं आणि जागा भरायची गरज उरली नसेल, तर नका भरू. तेही स्टाफला आधी सांगून.

एका ठिकाणी मालकांनी विचारलं, मग या वेळेचं करायचं काय? तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी सांगितलं, दुपारी तीनला अंथरुणाला खिळलेल्या सगळ्यांची पाठ बघायची आणि कूस बदलायची. ते काम ड्युटी लिस्टवर आधीपासूनच होतं. फक्त त्याला कधी वेळच मिळाला नव्हता.